कुठला वेबस्टर?

प्रश्न असा आलाय की "वेबस्टरप्रमाणे अर्थ असा" असं लिहिताना अमेरिकेच्या नोआ वेबस्टरची १८२८ ची जुनी इंग्लिश डिक्शनरी धरायची की आत्ताची, आणि जुनी एवढी जपून ठेवायचं कारण काय.

आधी हे "वेबस्टरमध्ये दिलंय" बंद करा, कान किटले. वेबस्टरची डिक्शनरी पुढे छापणाऱ्या मेरियम कंपनीचा १८४७ च्या आवृत्तीवरचा कॉपीराइट १८८९ मध्ये संपला आणि तेव्हापासून कुणीही उठतो आणि डिक्शनरीवर वेबस्टर छापतो, आत नोआ वेबस्टरचं एक अक्षर नसलं तरी चालतं. मेरियमनीसुद्धा १८६४ त माहन नावाच्या जर्मन पंडिताकडून नोआबाबांच्या व्युत्पत्त्या काढून नव्या करून घेतल्या. बरंच केलं म्हणा, कारण बाबा सगळ्या भाषांचं मूळ बायबलच्या हिशोबाने खाल्डियनमध्ये, म्हणजे बायबलकाळातल्या एका जुन्या भाषेत, शोधायचे. कलकत्त्याचे न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्येच संस्कृत-ग्रीक-लॅटिनचं नातं सांगितलेलं, नोआबाबांनी ते मनावरच घेतलं नाही!

आणि गंमत त्यांच्या आडनावातच आहे. जुन्या इंग्लिशमध्ये 'वेब्बा' म्हणजे विणकर आणि 'वेबेस्त्रे' म्हणजे विणकरीण, त्याचंच पुढे वेबस्टर झालं. (स्पिनस्टर पण तसलाच, सूत कातणारी.) यातल्या 'वेब'चा सख्खा भाऊ वैदिक 'ऊर्णवाभि'मध्ये बसलाय, म्हणजे लोकर विणणारा, म्हणजे कोळी. आणि ऊर्णा म्हणजे तरी काय, इंग्लिश वूलचीच बहीण. आता शास्त्रीमंडळी लगेच मुंडकोपनिषदातलं 'यथोर्णनाभिः सृजते' काढतील, नाभीतून धागा काढतो म्हणून ऊर्णनाभि. अहो, ती मागाहून चिकटवलेली व्युत्पत्ती, 'वाभि'चा अर्थ विसरल्यावर कुणीतरी ओळखीची नाभी बसवली, आणि संस्कृत शब्द आहे म्हणून त्यात लोकव्युत्पत्ती होतच नाही असा काही नियम नाही. कोळी विणतो हे दिसतं, त्याची नाभी कुणी पाहिलीय?

हां, मूळ प्रश्न. वर्ष लिहा, एवढंच. वॉशिंग्टन-जेफरसनच्या काळातलं वाचत असाल तर १८२८ चीच उघडा, सत्तर हजार शब्द आहेत, व्याख्या आजही खणखणीत, ऑक्सफर्ड डिक्शनरीचे संपादक मरेसुद्धा नोआबाबांना जन्मजात व्याख्याकार मानायचे. १९६७ त एका ख्रिश्चन शिक्षणसंस्थेने तिची हुबेहूब प्रत छापली, ती त्यातल्या बायबलच्या वचनांसाठी, पण चुकीच्या व्युत्पत्त्याही तशाच ठेवल्या, हे उत्तम झालं. फक्त त्या खऱ्या समजून मला पाठवू नका.