सैन्य ऐच्छिक असताना अमेरिकेतील विद्यार्थी लष्करी भरतीला विरोध का करतात?

आपण लिहिले आहे की आपला भाचा कॅलिफोर्नियात अकरावीत शिकतो, त्याच्या शाळेत काही मुले लष्करी भरतीच्या टेबलासमोर फलक घेऊन उभी राहिली, आणि अमेरिकेतील सक्तीची भरती १९७३ मध्येच बंद झालेली असताना या मुलांचा आक्षेप कशाला आहे, हे आपल्याला उमगत नाही. मी सॅन दिएगोत राहतो आणि शाळांमध्ये भरतीची दुसरी बाजू मांडणाऱ्या गटांबरोबर स्वयंसेवक म्हणून काम करतो. त्यामुळे हे उत्तर तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

मुलांचा राग सैनिकांवर नाही. उलट, आमच्या बाजूने सर्वांत प्रभावीपणे बोलतात ते इराकहून परतलेले माजी सैनिकच. आक्षेप आहे तो ‘ऐच्छिक’ म्हणवल्या जाणाऱ्या निर्णयाच्या परिस्थितीला. पालकांची संमती असेल तर सतराव्या वर्षी भरती होता येते. कॉलेजची फी आवाक्याबाहेर आहे, घरची परिस्थिती बेताची आहे, आणि शाळेच्या आवारात वारंवार दिसणारा, नावाने हाक मारणारा, भविष्याबद्दल आस्थेने विचारणारा माणूस गणवेशातला आहे. अशा वेळी केलेल्या सहीला पूर्णपणे स्वेच्छेची म्हणणे मला जड जाते. अनेक मुलांना सैन्यात जायचे असते आणि ती विचार करूनच जातात. पण ज्याला दुसरा रस्ता कोणी दाखवलाच नाही, त्याची गोष्ट वेगळी आहे.

शाळेतील ही उपस्थिती कायद्याने बांधलेली आहे. २००२ मध्ये लागू झालेल्या शिक्षणविषयक केंद्रीय कायद्यानुसार, केंद्राचा निधी घेणाऱ्या माध्यमिक शाळांना विद्यार्थ्यांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक भरती अधिकाऱ्यांनी मागितल्यास द्यावे लागतात. नकार कळवण्याची सोय आहे, परंतु तो लेखी कळवावा लागतो, आणि २०१५ च्या सुधारित कायद्यानंतर अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याच्या वतीने तो पालकांनीच द्यायचा असतो. वर्षाच्या सुरुवातीला घरी येणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात ही सूचना सहज हरवते.

दुसरा मुद्दा परीक्षेचा. ‘ॲसव्हॅब’ नावाची लष्कराची चाचणी अनेक शाळांत करिअर मार्गदर्शनाची मोफत परीक्षा म्हणून घेतली जाते. गुण भरती अधिकाऱ्यांकडे जाऊ द्यायचे की नाही, हे शाळेला ठरवता येते. ‘ऑप्शन ८’ निवडला की ते जात नाहीत. मेरीलँड राज्याने २०१० मध्ये कायदा करून सर्व सरकारी शाळांना हाच पर्याय बंधनकारक केला. माझ्या मते या चळवळीने मिळवलेल्या यशांपैकी हे सर्वांत भक्कम आहे, कारण ते कोणा एका मुख्याध्यापकाच्या मर्जीवर अवलंबून नाही.

आमच्या टेबलावर आम्ही भरतीच्या कराराची कोरी प्रत ठेवतो आणि त्यातील दोन गोष्टींखाली रेघ मारलेली असते. पहिली अशी की, प्रत्यक्ष सेवा तीन-चार वर्षांची ठरली असली तरी एकूण बांधिलकी साधारणपणे आठ वर्षांची असते आणि उरलेल्या काळात परत बोलावले जाऊ शकते. दुसरी अशी की, सैनिकांना लागू असलेले कायदे व नियम पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात आणि त्यामुळे पगार, भत्ते, लाभ व जबाबदाऱ्या करारात काहीही लिहिलेले असले तरी बदलू शकतात. एका मुलीने हे वाक्य दोनदा वाचले आणि विचारले, “मग कॉलेजच्या पैशांचं काय?” कॉलेजच्या खर्चाची योजना खरी आहे, हजारो माजी सैनिक तिच्यावर शिकले आहेत, आणि पूर्ण लाभासाठी साधारण तीन वर्षे सक्रिय सेवा लागते, असे मी तिला सांगितले. ते लपवून ठेवले असते, तर आम्हीही एकच बाजू सांगणारे ठरलो असतो.

शाळेत आम्हाला असे टेबल मांडता येते, त्यामागे आधीच्या पिढ्यांनी लढलेले खटले आहेत. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवातील डी मॉइन येथे काही विद्यार्थी व्हिएतनाम युद्धातील मृतांसाठी दंडावर काळी पट्टी बांधून शाळेत गेले आणि निलंबित झाले. त्यांतील मेरी बेथ टिंकर तेरा वर्षांची होती. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. पुढे १९८६ मध्ये सॅन दिएगो परिसरातीलच एका खटल्यात अपील न्यायालयाने भरतीविरोधी गटाच्या बाजूने कौल दिला आणि शाळेने लष्करी भरतीला वाव दिला असेल तर विरोधी बाजूला तो नाकारता येणार नाही, हे तत्त्व आमच्या भागात रुजले. २००९ मध्ये इथल्याच विद्यार्थ्यांनी, त्यांत लॅटिनो मुले बरीच होती, शाळांतील लष्करी प्रशिक्षणवर्गांसाठी असलेला एअर रायफलचा नेमबाजी सराव शिक्षण मंडळाला थांबवायला लावला.

चळवळीची दुखरी बाजूही आहे. मुले बारावी संपवून निघून जातात आणि दर काही वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून उभारणी करावी लागते. ५ मार्च २००३ रोजी इराक युद्धाच्या विरोधात देशभरातील विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले होते. तेवढा जोर नंतर टिकला नाही.

भाच्यापुरते सांगायचे, तर त्याच्या आईवडिलांनी शाळेला माहिती न देण्याविषयीचे पत्र लिहून द्यावे आणि चाचणी होणार असल्यास गुण कोणाकडे जाणार, हे आधी विचारावे. तो ग्रीन कार्डधारक किंवा नागरिक असेल, तर अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’मधील, म्हणजे कधी सक्तीची भरती करावी लागलीच तर वापरायच्या सरकारी यादीतील, नोंदणीचा नियम त्याला लागू होतो, आणि ग्रीन कार्डधारकाने तो टाळल्यास पुढे नागरिकत्वाच्या अर्जात अडचण येऊ शकते, नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या वैध एच-४ व्हिसावर असेपर्यंत मात्र तो लागू नाही. ही नोंदणी म्हणजे भरती नव्हे. आणि त्याने उत्साहाच्या भरात भरतीपूर्व यादीत सही केलीच असेल, तरी प्रशिक्षणाला रवाना होण्यापूर्वी लेखी पत्र देऊन त्याला माघार घेता येते, मग भरती अधिकारी काहीही म्हणोत.