वाचकांचे प्रश्न : व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि वॉट

प्रश्न : फिलामेंटच्या बल्बवर २३० व्होल्ट, ६० वॉट छापले आहे. सूत्राने (व्होल्टचा वर्ग भागिले वॉट) रोध ८८२ ओहम येतो, पण मल्टिमीटर ६५ ओहम दाखवतो. मीटर बिघडला आहे का?

उत्तर : मीटर ठीक आहे आणि सूत्रही. छापलेले वॉट पेटलेल्या बल्बचे असतात. २३० चा वर्ग ५२,९००, त्याला ६० ने भागले की ८८२ ओहम. मल्टिमीटर मात्र आपल्या बॅटरीतून अगदी किंचित करंट सोडतो, त्याने फिलामेंट तापत नाही, म्हणून तुम्हाला थंड तारेचा रोध दिसला. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो, आणि पेटलेली फिलामेंट २,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेरा-चौदा पटींचा फरक तिथून येतो. बटण दाबल्या क्षणी करंट ०.२६ नव्हे, साडेतीन अँपिअरपर्यंत जातो. जुने बल्ब बहुधा लावतानाच का उडतात, याचेही हेच कारण.

हे स्वतः मोजून पाहण्यासारखे आहे, मात्र घरातल्या मेन्सवर अजिबात नको. मोटारीचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब आणि व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा डीसी पॉवर सप्लाय घ्या. अँमीटर बल्बच्या सिरीजमध्ये (बल्बचा करंट त्यातूनच जाईल असा) जोडा, व्होल्टमीटर थेट बल्बच्या दोन टोकांना. ३, ६, ९ आणि १२ व्होल्टवर दोन्ही वाचने एकाच वेळी लिहून घ्या आणि प्रत्येक वेळी व्होल्टला अँपिअरने भागा. १२ व्होल्टवर करंट १.७५ अँपिअरच्या जवळपास, म्हणजे रोध सुमारे ६.९ ओहम मिळायला हवा. खालच्या व्होल्टेजवर तो कमी निघेल. एकच मल्टिमीटर दोन्हींसाठी वापरत असाल, तर करंट मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमधून काढून व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावायला विसरू नका. ती तशीच ठेवून व्होल्टेज मोजायला गेलात, तर सप्लाय थेट शॉर्ट होतो आणि निदान मीटरचा फ्यूज तरी जातोच.

प्रश्न : १२ व्होल्टवर लाल एलईडी लावायचा आहे. करंट २० मिलिअँपिअर धरून १२ भागिले ०.०२ म्हणजे ६०० ओहमचा रेझिस्टर, हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. १२ व्होल्ट हे पूर्ण सप्लायचे आहेत, रेझिस्टरचे नाहीत. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट राहतात, रेझिस्टरच्या वाट्याला १० येतात. म्हणून १० भागिले ०.०२, म्हणजे ५०० ओहम. बाजारात सहज मिळणारी पुढची किंमत ५६० ओहम. ती घेतली की करंट १८ मिलिअँपिअर होतो आणि उजेडात फरक जाणवत नाही. तुमच्या ६०० ओहमनेही एलईडी जळाला नसता. पण हीच चूक ५ व्होल्टवर आणि ३ व्होल्टच्या पांढऱ्या एलईडीसाठी केली, तर १०० ऐवजी २५० ओहम निघतात आणि उजेड फारच मंद पडतो.

वॉट काढायलाही रेझिस्टरचेच व्होल्ट घ्या : १० गुणिले ०.०१८ म्हणजे ०.१८ वॉट. पाव वॉटचा रेझिस्टर तग धरेल, पण चांगलाच तापेल. बंद डबीत बसवणार असाल तर अर्ध्या वॉटचाच घ्या.

प्रश्न : शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. मग व्होल्टेज घसरले की हीटर जास्त करंट ओढतो, असे म्हणायचे का?

उत्तर : हीटरबाबत उलटे घडते. त्याच्या बाबतीत जवळजवळ कायम राहतो तो रोध, वॉट नव्हे. २३० व्होल्टला १,००० वॉटच्या हीटरचा रोध ५२.९ ओहम आणि करंट ४.३५ अँपिअर. २०० व्होल्टला करंट ३.७८ अँपिअर आणि शक्ती ७५६ वॉट. व्होल्टेज १३ टक्के घटले, उष्णता २४ टक्के, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते.

तुमचे म्हणणे लॅपटॉपच्या चार्जरसारख्या उपकरणांना लागू पडते. ती लागेल तेवढी शक्ती घेतातच, त्यामुळे व्होल्टेज घसरले की जास्त करंट ओढतात. भाराखाली चालणाऱ्या पंपाच्या मोटरचेही बहुतेक वेळा असेच होते, आणि तिथे ते धोक्याचे आहे : वाइंडिंगमधली (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीतली) उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. हीटर कमी व्होल्टेजवर नुसता कोमट होतो, मोटर जळते.

प्रश्न : पंखा २३० व्होल्टवर ०.४ अँपिअर घेतो. गुणाकार ९२ येतो, वॉटमीटर ७५ का दाखवतो?

उत्तर : वॉटमीटरवर विश्वास ठेवा. एसी मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे-पुढे पडतो, म्हणून ९२ हे व्होल्ट-अँपिअर झाले. त्यांना पॉवर फॅक्टरने, इथे सुमारे ०.८२ ने, गुणल्यावर वॉट मिळतात. २३० भागिले ०.४ करून येणारे ५७५ ओहम हाही वाइंडिंगचा रोध नव्हे, ती इम्पिडन्स आहे, म्हणजे एसी करंटला होणारा एकूण अडथळा.

प्रश्न : ०.२ ओहमचा रेझिस्टर तपासायचा आहे. मल्टिमीटर कधी ०.४, कधी ०.६ दाखवतो.

उत्तर : मीटरच्या वायरींचा आणि टोकांच्या स्पर्शाचा रोधच तेवढा असतो. करंटची मर्यादा ठरवता येणाऱ्या सप्लायने रेझिस्टरमधून २ अँपिअर सोडा आणि त्यावरचे व्होल्टेज मोजा, ०.४० व्होल्ट आले तर रोध ०.२ ओहम. व्होल्टमीटरची टोके मात्र रेझिस्टरच्या पायांवर, त्याच्या अंगालगत टेकवा. करंट नेणाऱ्या क्लिपांवर टेकवलीत, तर क्लिपांचा सैल स्पर्शही मोजला जातो आणि सगळा खटाटोप वाया जातो. २ अँपिअरला त्यात ०.८ वॉट उष्णता होते. रेझिस्टर एक वॉटचा किंवा लहान असेल, तर १ अँपिअरच सोडा : व्होल्टेज निम्मे, पण उष्णता चौथा हिस्सा.