वसुली एजन्सीच्या करारावर सही करण्यापूर्वी

प्रश्न : ताई, रबाळे एमआयडीसीत माझं शीट मेटलचं छोटं वर्कशॉप आहे. भिवंडीच्या एका पार्टीकडे जीएसटी धरून 6,40,000 रुपये अडकले आहेत. उधारी 60 दिवसांची ठरली होती. सर्वांत जुनं बिल 27 महिन्यांपूर्वीचं आहे आणि या बिलांपैकी एक रुपयाही आलेला नाही. त्यांचा पर्चेसवाला म्हणतो, मार्च एंडिंगला दोन लाख सोडतो. दरम्यान गुरुग्रामच्या एका वसुली एजन्सीने नऊ पानी इंग्रजी करार पाठवला आहे. पैसे आले तरच 20 टक्के कमिशन, शिवाय 15,000 फाइल चार्ज. मुलगा म्हणतो, सही करून टाका, नाहीतरी पैसे बुडालेच आहेत. तुमचं मत काय?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : मुलाला सांगा, पैसे अजून बुडालेले नाहीत. पण हा करार आहे तसा सही केलात तर बुडायला मदत होईल.

‘पैसे आले तरच कमिशन’ हे एजन्सीचा माणूस फोनवर बोलतो. कागदावर काय आहे ते तुम्ही पाठवलेल्या चौथ्या पानावर वाचा. सहीनंतर ‘कोणत्याही मार्गाने, कोणाच्याही प्रयत्नाने’ आलेली रक्कम, परत आलेला माल किंवा कुठलंही समायोजन, या सगळ्यावर 20 टक्के. म्हणजे तो पर्चेसवाला शब्दाला जागला आणि त्याने मार्चमध्ये दोन लाख सोडले, तर एजन्सीने एक फोनही न करता 40,000 तिचे. पार्टीने एक लाखाचे गंजके पॅनेल परत पाठवले तरी 20,000 तुम्ही रोख मोजायचे, आणि पॅनेल भंगारात. हे कलम बदलून घेतल्याशिवाय बाकीच्या पानांवर वेळ घालवू नका. सगळ्या बिलांची यादी कराराला जोडा, पार्टीने आधीच कबूल केलेली रक्कम त्यातून वगळा (पर्चेसवाल्याकडून त्याचा ईमेल आजच मागवून ठेवा), आणि कमिशन फक्त प्रत्यक्ष बँकेत जमा झालेल्या पैशांवर, तेही एजन्सीच्या नोंदवलेल्या पाठपुराव्यानंतर आलेल्या, असं लिहून घ्या.

कमिशन कशावर मोजायचं, हेही ठरवा. तुमच्या 6,40,000 मध्ये 18 टक्के जीएसटी आहे, म्हणजे साधारण 97,600 रुपये. ते तुम्ही सरकारला कधीच भरलेत. त्यावर एजन्सीला 20 टक्के का द्यायचे? मूळ किमतीवर मोजलं तर साडेएकोणीस हजार वाचतात. एजन्सी स्वतःच्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी लावेल. तिने रीतसर बिल दिलं तर त्याचं क्रेडिट मिळेल, त्यामुळे त्याची फार चिंता नको. फाइल चार्ज कमिशनमधून वळता करून घ्यायला लावा. वसुलीची खात्री असलेली एजन्सी त्यावर अडून बसत नाही.

आता पैसा कुणाच्या खात्यात येणार? तुमच्या करारात तो आधी एजन्सीच्या खात्यात जातो आणि 45 दिवसांनी, कमिशन कापून, तुमच्याकडे. 1872 च्या करार कायद्यात एजंटने मालकासाठी घेतलेले पैसे त्याला दिलेच पाहिजेत असं कलम 218 म्हणतं, पण त्याआधीचंच 217 एजंटला आपला मेहनताना आणि खर्च त्यातून कापून ठेवू देतं. शिवाय तुम्ही अधिकार दिलेल्या एजंटला पैसे दिले की पार्टी मोकळी होते. एजन्सीने हात वर केले तर भिवंडीला पुन्हा मागता येणार नाहीत. चेक आणि आरटीजीएस थेट तुमच्या फर्मच्या नावाने, हे कलम ठळक टाका.

सातव्या पानावर एजन्सीला ‘योग्य वाटेल ती तडजोड’ करायची मुभा आहे. जरा तिच्या बाजूने हिशेब करा. चार लाखांत मिटवलं तर तिला एका फोनमध्ये 80,000. उरलेले 2,40,000 काढायला चार महिने खेटे घालायचे आणि मिळणार 48,000. ती चार लाखांतच मिटवणार, आणि तिच्या जागी मीही तेच केलं असतं! तडजोड तुमच्या लेखी संमतीशिवाय नाही.

सर्वांत घातक कलम मात्र साधं दिसतं : 12 महिने एजन्सीच एकमेव, तोवर तुम्ही पार्टीशी बोलायचं नाही, कोर्टातही जायचं नाही. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावायला उधारीची मुदत संपल्यापासून 3 वर्षं मिळतात. तुमच्या जुन्या बिलाच्या 27 महिन्यांतून उधारीचे दोन वजा केले तर 25 महिन्यांची मुदत खर्ची पडली, उरले 11. एजन्सीच्या फोनांनी ही मुदत थांबत नाही. थांबते ती मुदतीच्या आत पार्टीने थकलेली रक्कम लेखी, सहीनिशी कबूल केली तर. मग सहीच्या तारखेपासून नवी 3 वर्षं सुरू होतात. एजन्सीला पहिलं काम हेच द्या, बॅलन्स कन्फर्मेशनवर, म्हणजे ‘इतकी रक्कम देणं बाकी आहे’ या पत्रावर, पार्टीची सही आणि शिक्का. करार 90 दिवसांचा करा, आणि कोर्टाचा रस्ता तुमच्या हातात ठेवा. करार संपल्यावर पुढचे सहा महिने कमिशन चालू राहतं, तेही काटछाट करून, एजन्सीने लेखी मिळवलेल्या कबुलीपुरतंच राहू द्या.

एजन्सीचा माणूस पार्टीच्या गेटवर दमदाटी करून आला तर? बँका आणि वित्त कंपन्यांच्या वसुली एजंटांना सकाळी 8 पूर्वी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन न करण्याचं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. तुमच्या व्यापारी उधारीच्या वसुलीला ते लागू नाही, पण करारात घालायला कोणी अडवत नाही. नवव्या पानावर मात्र एजन्सीच्या कुठल्याही कृत्याची भरपाई तुम्ही करायची असं आहे. ते उलटं करून घ्या. आणि तंट्याची जागा गुरुग्रामऐवजी ठाणे.

एक विचारायचं राहिलं. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) माल देण्यापूर्वीची आहे का? असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याखाली सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. ठरलेली उधारी 45 दिवसांपेक्षा जास्त असली तरी 45 दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. इथे टक्केवारी कोणी मागत नाही. मी आधी हे करेन, आणि एजन्सी नेमलीच तर परिषदेमार्फत आलेल्या पैशावर कमिशन नाही असं लिहून घेईन.

आणि हो, त्यांनी 100 रुपयांचा स्टॅम्प लावायला सांगितलाय. महाराष्ट्रात 14 ऑक्टोबर 2024 पासून 100 आणि 200 च्या जागी 500 चा लागतो.