पलटण म्हणजे नेमकी किती माणसं?

प्रश्न असा आला आहे: घरातल्या जुन्या कागदांत पणजोबांच्या नावापुढे '३/५ मराठा, इटली, १९४४' एवढंच लिहिलेलं आहे. घरात सगळे 'ते मराठा पलटणीत होते' असं सांगतात. मग पलटण म्हणजे रेजिमेंट, बटालियन की प्लाटून? आणि हा तीन छेद पाच काय प्रकार आहे?

आधी सरळ उत्तर. पलटण म्हणजे बटालियन. आजच्या पायदळात ती साधारण आठशे माणसांची असते. '३/५ मराठा' म्हणजे पाचव्या मराठा लाईट इन्फंट्री रेजिमेंटची तिसरी बटालियन. हा अपूर्णांक नाही. रेघेच्या आधी बटालियनचा क्रमांक आहे आणि रेघेनंतर रेजिमेंटचा, म्हणजे अनेक बटालियनच्या घराण्याचा.

पलटण आणि प्लाटून हे शब्द कानाला जवळचे वाटतात, म्हणून बातम्यांत, भाषांतरांत आणि चित्रपटांच्या उपशीर्षकांत प्लाटूनला सर्रास पलटण म्हटलं जातं. प्लाटून असते तीस-पस्तीस जणांची. तिच्यावर लेफ्टनंट किंवा सुभेदार-नायब सुभेदार असतो. तीन प्लाटून मिळून एक कंपनी, अशा चार रायफल कंपन्या आणि त्यांच्या जोडीला उखळी तोफा, दळणवळण, रसद सांभाळणारी माणसं, असं सगळं मिळून बटालियन होते. म्हणजे 'टेकडीवर एक पलटण पाठवली' आणि 'टेकडीवर एक प्लाटून पाठवली' यांत वीस-पंचवीस पटींचा फरक आहे. लढाईचं वर्णन तेवढ्यानं पार बदलतं.

शब्द आला कुठून? 'पलटणे' या क्रियापदाशी त्याचा संबंध नाही, तो नुसता ध्वनीचा योगायोग आहे. बटालियन हा शब्द देशी शिपायांच्या तोंडी घोळून पलटण झाला आणि प्लाटूनच्या ध्वनीची त्यात सरमिसळ झाली असावी, असं कोशकार धरतात. तमिळमधलं 'पट्टाळम' हे त्याचंच भावंड. याच काळातला दुसरा शब्द 'कंपू'. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉयन्या या युरोपीय सेनानीनं १७८४ मध्ये दोन कवायती बटालियन उभ्या केल्या. पुढे दहा-दहा बटालियनच्या ब्रिगेडी झाल्या आणि अशा ब्रिगेडीला कंपू म्हणत. मुळात छावणीचा हा शब्द आज मराठीत फक्त गटबाजीपुरता उरला, तर पलटण फौजेतही टिकली आणि 'पोरांची पलटण' होऊन घरातही आली.

आता खरा गुंता, म्हणजे रेजिमेंट. कोशांत पलटणीला बटालियन आणि रेजिमेंट असे दोन्ही अर्थ दिलेले दिसतात. त्याचं कारण सैन्याच्या रचनेत आहे. १८२४ पर्यंत कंपनी सरकारच्या फौजेत एका रेजिमेंटला दोन बटालियन असत. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेली बटालियन म्हणूनच कागदोपत्री 'पहिल्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री रेजिमेंटची दुसरी बटालियन' अशी येते. १८२४ मध्ये या जोड्या फोडल्या आणि प्रत्येक बटालियनला स्वतंत्र रेजिमेंटचा क्रमांक मिळाला. पुढची जवळजवळ शंभर वर्षं पायदळात रेजिमेंट म्हणजेच एक बटालियन अशी स्थिती होती, काही गुरखा रेजिमेंटांसारखे अपवाद सोडून. शिपायानं पलटण म्हटलं काय आणि साहेबानं रेजिमेंट म्हटलं काय, माणसं तीच. १९२२ मध्ये पुन्हा एकत्रीकरण झालं. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या सहा मराठा रेजिमेंटा जोडून 'पाचवी मराठा लाईट इन्फंट्री' झाली आणि जुन्या रेजिमेंटा तिच्या बटालियन ठरल्या. रेजिमेंट हा शब्द वरच्या घराण्याला गेला, पण ज्या आठशे माणसांत शिपाई जेवतो, झोपतो, लढतो त्यांना तो पलटणच म्हणत राहिला. आजही दोन निवृत्त जवान भेटले की 'तुमची पलटण कोणती?' याचं उत्तर नुसतं 'मराठा' असं नसतं. उत्तर येतं 'जंगी' किंवा 'काळी पाचवी'.

'काळी पाचवी' या नावापाशी जरा थांबायला हवं, कारण इथे भलेभले चुकतात. ही आजची २ मराठा. मग पाचवी कशी? पाचव्या मराठा रेजिमेंटमुळे नव्हे. एकोणिसाव्या शतकात ती बॉम्बे इन्फंट्रीतली पाचवी होती. १९०३ मध्ये सरसेनापती किचनरनं सगळ्या फौजेचे क्रमांक नव्यानं लावले तेव्हा मुंबईकडच्या पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले गेले आणि पाचवीची १०५ वी झाली. १९२२ मध्ये ती २/५ झाली आणि रेजिमेंटचा क्रमांक गळाल्यावर उरली २ मराठा. आजची ५ मराठा ही वेगळीच पलटण, जुनी ११७ वी. एकाच घराण्यात इतके पाच असल्यावर साल पाहिल्याशिवाय आकड्याचा अर्थ लावू नये. आणि व्याकरणाकडेही पाहा: जंगी, काळी, पाचवी. शेवटची दोन विशेषणं उघड स्त्रीलिंगी आहेत, कारण त्यांच्या मागे न उच्चारलेली 'पलटण' उभी आहे.

तुमच्या कागदावरची ३/५ म्हणजे जुनी ११० वी. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी लढाई झाली ती याच बटालियनची. शिपाई नामदेव जाधव यांचा सेनिओ नदीवरचा ९ एप्रिल १९४५ चा व्हिक्टोरिया क्रॉस १/५ चा, म्हणजे जंगी पलटणीचा. या दोन नोंदींची अदलाबदल झालेली अनेकदा दिसते. '३/५' चा पुढचा माग 'मराठा' या नावाखाली शोधाल तर तो तुटेल. दुसऱ्या महायुद्धानंतर ती छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन २ पॅरा बनली. बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला हवाई छत्र्यांनी उतरली ती हीच, आणि जमालपूरकडून येऊन पुंगलीच्या पुलावर तिला मिळाली ती १ मराठा. इटलीत लढलेल्या १/५ आणि ३/५ या दोन पलटणी पुन्हा तिथे एकत्र आल्या. नाव बदललं, वरची रेजिमेंट बदलली, तरी पलटण तीच राहिली. म्हणूनच घराण्याचा शोध रेजिमेंटवरून न घेता बटालियनवरून घ्यावा.

आज मराठा रेजिमेंटमध्ये रेघ राहिली नाही, '१ मराठा', '५ मराठा' असंच लिहितात. गोरखा रायफल्समध्ये मात्र ती अजून आहे. काँगोत १९६१ साली परमवीर चक्र मिळवलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया '३/१ गोरखा'चे, म्हणजे पहिल्या गोरखा रायफल्सच्या तिसऱ्या बटालियनचे. हे उलटं वाचलं तर माणूस भलत्याच पलटणीत जातो.

रणगाडा दलात आणि तोफखान्यात हिशोब वेगळा. तिथे बटालियन नसतेच. 'पूना हॉर्स' ही रेजिमेंट म्हणजे एकच युनिट, पायदळाच्या बटालियनच्या तोलाचं. त्यामुळे 'रेजिमेंट दाखल झाली' हे वाक्य रणगाड्यांबद्दल बरोबर आहे, पण मराठ्यांबद्दल जवळजवळ नेहमी चूक, कारण पायदळाची अख्खी रेजिमेंट एका जागी लढत नाही. डिव्हिजनचंही, म्हणजे अनेक पलटणी मिळून होणाऱ्या मोठ्या फौजेचंही, भान ठेवावं. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कूतच्या वेढ्यात सापडलेली 'सहावी पूना डिव्हिजन' ही पुण्याच्या माणसांची फौज नव्हती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या तशा नॉरफोक आणि डॉर्सेट या इंग्रज पलटणीही होत्या. डिव्हिजनमधल्या पलटणी बदलत राहतात, त्यामुळे 'पूना डिव्हिजन'चं 'पुण्याची पलटण' करणं दोन्ही शब्दांत चुकतं.

घराण्याचा इतिहास मराठीत लिहिणार असाल तर दोन-तीन शब्द आधीच ठरवून घ्या. पलटण 'उभी करतात' आणि 'मोडतात'. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली, असं लिहिलं की वाक्य मराठी वाटतं. 'स्थापना' आणि 'विसर्जन' हे शब्द संस्थेला आणि गणपतीला शोभतात. इंग्रजी कागदांत 'कलर्स' आलं तर ते रंग नव्हेत, निशाण. आणि 'रिलीव्ह'पाशी विशेष जपा. एक पलटण दुसरीला रिलीव्ह करते तेव्हा ती खंदकात तिची जागा घेते, आणि कूतसारख्या ठिकाणच्या सैन्याला रिलीव्ह करायला फौज निघते तेव्हा ती वेढा उठवायला निघालेली असते. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं ते असे प्रयत्न फसल्यावर. तिथे 'जागा घेण्यासाठी' असं लिहिलं तर वाचकाला वेढा होता हेच कळणार नाही.