पिक्चरमधून उठून गेलेले बाबा

"आमच्या बाबांना काही भिडतच नाही का हो?" हा प्रश्न मला फिरून फिरून येतो, कधी नवऱ्याबद्दल, कधी आईबद्दल, आणि कधी कुणी स्वतःबद्दलच विचारतं की सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला पिक्चर बघताना मला जांभया आल्या, म्हणजे माझ्यात काही कमी आहे का. त्यातून पिक्चर संथ आणि म्हातारपणावरचा असला की घरात दोन पार्ट्या पडतातच. त्यातलीच ही एक केस, ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

लेक ४२ची, वडील ७४चे. आई जाऊन दोन वर्षं झालेली, काका (मी त्यांना काकाच म्हणायचे) लेकीकडे राहायला आलेले. एका सुट्टीच्या दिवशी तिनं हौसेनं स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा १९५७चा 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' लावला. गोष्ट एवढीच की ७८ वर्षांचे डॉक्टर इसाक बोर्ग डॉक्टरेटला पन्नास वर्षं झाली म्हणून सन्मान घ्यायला सुनेबरोबर गाडीनं निघतात आणि वाटेत आठवणी, स्वप्नं, कुणाकुणाला माया द्यायची राहून गेली त्याचा हिशोब. बाकी काही घडत नाही म्हटलं तरी चालेल. लेक रडरड रडली, जावई मोबाइलमध्ये, नातवाला फक्त स्वप्नातलं ते काटे नसलेलं घड्याळ आवडलं, आणि काका दोनदा उठून परत आले, तिसऱ्यांदा उठले ते आतल्या खोलीत जाऊन आडवेच झाले. रात्री तिनं विचारलं कसा वाटला, तर म्हणे "रटाळ आहे."

झालं. तिच्या मनात तो एक शब्द जो अडकला तो महिनाभर. "आई गेली तेव्हा रडले नाहीत, आता हे. स्वतःचं म्हातारपण बघायलाच तयार नाहीत ते, डिनायलमध्ये आहेत." असं सगळं निदानबिदान करूनच ती माझ्याकडे आली होती.

आणि खरं सांगते, मीही मान डोलावली. हा पिक्चर आमच्या समुपदेशनाच्या विषयातला लाडका आहे ना. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले, त्यातला शेवटचा म्हणजे मागे वळून बघताना 'जे झालं ते माझंच होतं' असं म्हणता येणं, नाहीतर मग नुसती हळहळ. हे शिकवताना तो वर्गात हाच पिक्चर दाखवायचा, १९७६ साली त्यानं बोर्गवर मोठा निबंधही लिहिला. एवढं डोक्यात भरलेलं असल्यावर काय, काकांना भेटायच्या आधीच त्यांची फाइल मी मनात लिहून मोकळी. (मी स्वतः २६व्या वर्षी हाच पिक्चर बघताना चक्क झोपले होते, ते मात्र तेव्हा सोयीस्कर विसरले.)

काका एकटे आत आले, लेक बाहेर बसली. मी 'कसा वाटला' विचारलं नाही, त्या प्रश्नाला माणसं निकाल देतात, पास किंवा नापास. मी विचारलं, पहिल्यांदा उठलात ते नेमकं कुठे?

"ती सून गाडीत त्याला तोंडावर सुनावते ना, तुम्ही स्वार्थी आहात म्हणून. तिथे."

मी मनातल्या मनात सरसावून बसले. सापडलं! आवाज शक्य तितका शांत ठेवून म्हटलं, आणि उठावंसं का वाटलं?

"लघवीला."

मग दाराकडे एकदा बघून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अर्धा तास धड बसवत नाही हो. थांबव म्हणायचं तर जावई, नातू सगळे बसलेले. परत आलो की कोण कुठे चाललंय कळेना, खालची अक्षरं एक ओळ वाचेपर्यंत दुसरी येते. मग म्हटलं रटाळ आहे. ते सोपं."

म्हातारपणावरचा पिक्चर बघून समोरच्या खोलीत लेक रडतेय आणि खरं म्हातारपण चपला शोधत बाथरूमकडे निघालंय. मला हसू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम.

पिक्चरबद्दल त्यांचं मत नव्हतं असं नाही हां. शेवट लेकीनं सांगितलेला, की म्हातारा शांत मनानं झोपतो. "एका दिवसात? साठ वर्षांची सवय एका दिवसात सुटते होय? हा कुणा तरण्यानं काढलाय." म्हटलं काका, अगदी बरोबर, बर्गमन १९१८चा, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती, तुमच्या मुलीपेक्षा लहान. पण बोर्गचं काम करणारा व्हिक्टर स्योस्ट्रॉम खराच ७८ला टेकलेला होता, त्याला डायलॉग आठवायचे नाहीत, आणि संध्याकाळी वेळेवर घरी जाऊन व्हिस्की घेता येईल अशा बेतानं त्याचं शूटिंग उरकायचे म्हणतात. काका इतके खूश झाले. "बघा! म्हणजे त्यालाही बसवत नव्हतं."

पुढच्या वेळी दोघं एकत्र बसले. बाबांनी आपणहून सांगितलं, आधी माझ्याकडे बघून, मग तिच्याकडे. ती गप्प. मग म्हणाली की पिक्चरभर मी बोर्गला बघतच नव्हते बाबा, तुम्ही गेल्यावर हा सोफा कसा दिसेल तेच बघत होते. काका म्हणाले, "अगं मग विचारायचं ना कुठे गेलात म्हणून. बाथरूममध्ये होतो."

काकांना मी आधी डॉक्टरकडे पाठवलं. या वयात प्रोस्टेट वाढणं अगदी कॉमन, उपायही असतात, पण हे गृहस्थ संध्याकाळपासून पाणीच बंद करून बसलेले.

तर तुमच्या घरी असं झालं असेल तर एवढंच म्हणेन की एका पिक्चरवरून कुणाच्या मनाची परीक्षा घेऊ नका. कंटाळा हा कधीकधी बचाव असतो, मान्य, पण बऱ्याचदा तो कंटाळाच असतो, किंवा कमरेचं दुखणं, किंवा न दिसणारी सबटायटल्स. आणि ज्यानं बायकोची शेवटची दोन वर्षं रोज जवळून बघितली त्याला तेच पडद्यावर बघायची हौस नसेल, तर तेही बरोबरच आहे. हां, पण पिक्चरच नाही तर जेवणखाण, माणसं, आवडीची कामं, कशातच रस नाही, झोप उडालीय आणि हे सलग दोन आठवडे चाललंय, तर मात्र 'वय झालं' म्हणून सोडू नका, दाखवून घ्या.

मध्ये लेकीचा फोन आला होता. पिक्चर संपवला म्हणे, तीन दिवसांत, थोडा थोडा करून, टीव्हीवर अक्षरं मोठी करून. रिमोट बाबांच्या हातात. शेवट त्यांना अजूनही पटलेला नाही, पण ते गाडीतलं सुनावणं दोनदा मागे घेऊन बघितलं आणि तिला विचारलं, "तू असं कधी बोलली नाहीस मला. का गं?"

ती म्हणाली, आता यावर काय बोलायचं ते ठरवायला पुढच्या आठवड्याची वेळ द्या.