बॅनरवर टँक की तिफण?

प्रश्न : काकू, सविनय जय भीम.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बाबा मागच्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी गेले, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. १९६५ ला महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, १९८२ ला नायक म्हणून पेन्शनीवर घरी आले. १९७१ च्या लढाईत होते एवढंच आम्हाला ठाऊक. विचारलं की म्हणायचे, "होतो ना बाप्पा. पाणीच पाणी होतं तिकडं." आणि उठून ढोरांना पाणी दाखवायला जायचे.

आता पहिला स्मृतिदिन येतो आहे. दादानं बॅनर छापायला दिलं : 'भारतमातेचे शूर सुपुत्र', मागे भला मोठा टँक. बाबा पायदळातले होते, काकू! टँक त्यांनी चालवला नाही. मी बोलले तर दादा म्हणतो, तुले काय समजते. तो स्वतः १९९२ ला कामठीच्या भरतीत धावण्यात बाद झाला होता, तेव्हा बाबा महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते.

स्मरणिकेत दोन पानं मी लिहायची ठरलं आहे. मला आठवतात ते वेगळेच बाबा. ते कायमचे घरी आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई कापूस वेचायला पहाटेच निघायची, तर माझ्या वेण्या बाबा घालायचे. फुटपट्टी लावून भांग पाडायचे, आणि वेणी बुटाच्या लेससारखी इतकी आवळायचे की डोळे ताणले जायचे. वर्गात पोरी मला 'चिनी' म्हणायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी पेरणीची तिफण धरली तेव्हा बैलांना 'एक-दो-एक' म्हणायचे, चाड्यावर बी सोडणारी आई हसून हसून बी सांडायची.

पेटीत तीन पदकं, डिस्चार्ज बुक आणि तेवीस आंतर्देशीय पत्रं आहेत. सगळी आजोबांच्या नावानं. एकावर २० डिसेंबर १९७१ तारीख आहे. त्यात लढाईचा शब्द नाही. मी खुशाल आहे, कापूस वेचून झाला का, भाव काय निघाला, काळ्याच्या खुराला औषध लावा. असल्या पत्रांतून काय लिहू? वेण्यांचं लिहिलं तर लोक हसतील काय?

— एक लेक

उत्तर : जय भीम, पोरी.

आधी त्या वीस डिसेंबरच्या पत्राकडे परत जा. ढाक्याची शरणागती १६ डिसेंबरची. सुमारे त्र्याण्णव हजार युद्धकैदी, अख्ख्या देशात पेढे. त्यानंतर चौथ्या दिवशी चोवीस-पंचवीस वर्षांचा एक पोरगा निळ्या कागदावर काळ्याच्या खुराची चौकशी करतो आहे. तू विचारतेस यातून काय लिहू. अगं, मी तर ते पत्रच जसंच्या तसं छापलं असतं, तारखेसकट, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. त्याच्या वर-खाली आपलं एक अक्षर लिहू नकोस.

आता पत्र उलट कर आणि पाठवणाऱ्याचा पत्ता बघ. तिथं गावाचं नाव सापडायचं नाही. पलटणीचं नाव आणि '५६ ए.पी.ओ.' किंवा '९९ ए.पी.ओ.' असेल, म्हणजे फौजेचं टपाल ऑफिस. ५६ असेल तर डाक दिल्लीकडून फिरायची. ९९ असेल तर कलकत्त्याकडून, म्हणजे माणूस पूर्वेकडे. मग 'पाणीच पाणी होतं' याचा अर्थ लागतो. बांगलादेशातल्या नद्या आणि धानाची शेतं, दुसरं काय. पदकांतही एक चांदणीच्या आकाराचं असेल : पूर्वेच्या मोहिमेवर असलेल्यांना पूर्वी स्टार मिळाला, पश्चिमेच्या आघाडीवरच्यांना पश्चिमी स्टार. बाबांनी सांगितलं नाही म्हणतेस, पण या दोन खुणा जुळल्या तर अर्धं सांगून ठेवलंय त्यांनी. उरलेल्यासाठी डिस्चार्ज बुकातला आर्मी नंबर, हुद्दा, नाव घालून सागरला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला आईच्या सहीचा अर्ज टाक. अर्ज कसा लिहायचा ते यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतील. उत्तर स्मृतिदिनाच्या आत येईल या भरवशावर राहू नकोस.

आणि पदकं घासू नकोस! हे मी हात जोडून सांगते, कारण ते पाप माझ्या हातून झालंय. सासरे फौजेत ड्रायव्हर होते. ते गेल्यावर फोटोसमोर ठेवायची म्हणून मी त्यांची पदकं चिंच आणि राखेनं घासली, देवाची भांडी घासावी तशी. लख्ख झाली. पदकाच्या कडेला बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं हे मला कुठं माहीत! नंबरातले शेवटचे दोन आकडे आता बोटालाच लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचं, तेवढंच.

दादाचं बोलू. रागावू नकोस, पण तो टँक बाबांचा नाहीच, दादाचा आहे. महिनाभर बाप बोलला नाही तो पोरगा आज पन्नाशी ओलांडून बापाला सगळ्यात मोठी गाडी देतो आहे. तू त्याला 'बाबा पायदळात होते' हे चारचौघांत ऐकवलंस तर तो ते धावण्याच्या मैदानापर्यंत नेईल. त्याला एकट्याला बसव आणि डिस्चार्ज बुक त्याच्या हातात दे. तूच वाच म्हण, मला हिंदी-इंग्रजी अक्षर लागत नाही. खोटं बोललीस तरी चालेल. भरतीच्या वेळची छाती, उंची, खेळ, शेरे, जे असेल ते तो वाचत बसेल. टँक काढून बाबांचा भरतीच्या वर्षाचा फोटो लावू असं त्याच्याच तोंडून निघालं तर बरं. नाही निघालं तर राहू दे टँक. बॅनर दोन दिवसांत उन्हानं उडतं, मग कोणाच्या तरी कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या ढिगावर झाकण होतं.

तुझी दोन पानं मात्र टिकणार आहेत. एक हिशेब केलास का? सतरा वर्षं नोकरी, वर्षाला दोन महिने सुट्टी धरली तरी चौतीस महिने. तीन वर्षंसुद्धा नाहीत. आणि तीही सुट्टी कशी, तर मूर्तिजापूरहून शकुंतला या छोट्या रेल्वेनं डुलत डुलत दारव्हा मोतीबागला उतरायचं, तिथून गाव गाठायचं, की पेरणी नाहीतर कुणाचं लग्न. पत्रं आजोबांच्या नावानं, कारण त्या काळी बायकोच्या नावानं पत्र टाकलं तर गावभर हसू व्हायचं. तुझ्या आईच्या वाट्याला शेवटची एक ओळ येत असेल. तेवीसही पत्रांतल्या त्या शेवटच्या ओळी काढ, एकाखाली एक लिही, आणि आईला वाचून दाखव. ती काय म्हणते ते उतरवून घे. तेवढ्यातच एक पान भरेल बघ.

दुसरं पान वेण्यांचं. लोक हसतील? हसू देत की, चाड्यावर आई हसलीच होती ना. पस्तिशीचा फौजी, नऊ वर्षांची जवळजवळ अनोळखी पोर समोर बसवून फुटपट्टीनं भांग पाडतो. लेक कशी वाढवायची हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, गाठ मात्र बुटाची पक्की येते. ते डोळे ताणले जाणं लिही, 'चिनी' लिही. तेव्हा त्यांचा राग येत होता का, तेही लिही. फक्त 'प्रेमळ पिता' असं लिहू नकोस. तो शब्द प्रत्येक स्मरणिकेत असतो, छापखान्यात तयारच पडलेला असतो म्हणतात.

दादाशी धरलेला महिनाभराचा अबोला लिहायचा की नाही, ते दादाला विचारून ठरव. हो म्हणाला तर त्यालाच लिहू दे.

स्मरणिकेच्या गडबडीत एक राहील म्हणून आत्ताच सांगते. डिस्चार्ज बुकात आणि पेन्शनच्या कागदात आईचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डासारखीच आहे का ते ताडून बघ. माझ्या सासूबाईंचं तिथं माहेरचं नाव लागलेलं होतं आणि कुटुंब पेन्शन सुरू व्हायला आठ महिने गेले. प्रतिज्ञापत्रं, फोटो, पुन्हा फोटो. नाव जुळत असलं तरी हयातीचा दाखला दरवर्षी द्यावाच लागतो. आईचे अंगठे वेचणीनं झिजलेले असतील, मशीन ते घेत नाही. जाताना डोळ्यांचं मशीन असलेलं केंद्र आधी विचारून घे, आणि कापूस वेचायचे दिवस सोडून जा.