चौथीच्या वर्गाचा ब्लॉग काढायचाय, मुलांचे फोटो आणि नावं टाकली तर चालतील का?

फोटो नको आणि पूर्ण नावं तर अजिबात नको, असं माझं मत आहे, पण ब्लॉग मात्र नक्की काढा. मी जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत तिसरी-चौथीचा वर्ग घेताना चार वर्षं चालवलाय, म्हणून सांगतो.

फायदा काय तर मुलाला वाचक मिळतो. वहीतला निबंध फक्त गुरुजी वाचतात आणि लाल पेनाने खुणा करतात, पण पुण्याला कामाला असलेल्या मामाने वाचलं म्हटल्यावर पोरगं आपणहून विचारतं की गुरुजी इथे वेलांटी पहिली का दुसरी. 'आमची म्हैस विहिरीत पडली' हे आमचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं लेखन, त्यापुढे माझ्या शैक्षणिक पोस्टला कुत्रंही विचारत नव्हतं :)

आता चूक सांगतो. पहिल्या वर्षी हौसेने स्नेहसंमेलनाचे फोटो टाकले, खाली नाव, आडनाव, इयत्ता, मागे शाळेचा बोर्ड, सगळं. दोन दिवसांनी एका मुलीच्या आईचा फोन, सर ते आधी काढा. ती नवऱ्याचा मार चुकवून माहेरी आलेली, मुलगी कुठल्या शाळेत आहे हे त्याला कळू द्यायचं नव्हतं तिला. मी लगेच काढलं, पण तोवर फोटो दोन-तीन व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरून आले होते, ते कुठून काढणार?

त्यानंतर मुलांनी टोपणनावं घेतली, सगळी पक्ष्यांची. टिटवी, खंड्या, भारद्वाज. अख्ख्या गावाला माहीत असायचं टिटवी कोण, बाहेरच्याला नाही. फोटो चित्रांचे, वहीच्या पानाचे (कोपऱ्यातलं नाव झाकून), मातीच्या बैलांचे.

पण खरी गोम मजकुरात असते, हे कुणी सांगत नाही. एकाने 'माझी दुपार' मध्ये लिहिलं की आईबाबा रानात जातात, मी एकटाच असतो, किल्ली कोनाड्यात असते! मग वर्गातच वाचून दाखवायची पद्धत पाडली, आणि प्रश्न एकच, हे आठवडी बाजारात अनोळखी माणसाला सांगशील का? पोरं माझ्यापेक्षा कडक निघाली, एकमेकांचं बरोबर पकडायची.

बाकी सेटिंगचं थोडक्यात. मुलांची खाती काढू नका, गूगलच्या स्वतंत्र खात्याला आपल्याकडे १३ वर्षं पूर्ण लागतात, तुम्हीच टाइप करा नाहीतर तुमच्यासमोर करू द्या. ब्लॉगरमध्ये (गूगलची ब्लॉग काढायची सोय) कमेंट तुम्ही मंजूर केल्याशिवाय दिसणार नाही असं करता येतं, किंवा सरळ बंद ठेवा. पालकसभेत लेखी संमती घ्या, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या खालचं प्रत्येक जण मूलच आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलीय. नाही म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाचं लेखन भिंतीवर लावा, त्याला वगळल्यासारखं वाटू देऊ नका. कुणी घाणेरडं लिहिलं तर उडवायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, मुख्याध्यापकांना सांगा, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा (चाइल्डलाइन) नंबर मुलांकडून पाठच करून घ्या.

आणि हो, जीमेल शाळेच्या नावाने काढा, पासवर्ड मुख्याध्यापकांकडेही ठेवा. मी स्वतःच्या मेलवर काढला होता, बदली झाली आणि नव्या बाईंना ब्लॉग देता देता सहा महिने गेले, तोवर ती चौथी पाचवीत पण गेली.